पारलिंगी स्त्रीवर हल्ला झाल्यानंतर: शेजारी, सहकारी आणि जमातीने काय करावे

हे टिपण पारलिंगी (ट्रान्सजेंडर) स्त्रियांच्या आजूबाजूला राहणाऱ्या आणि वावरणाऱ्या माणसांसाठी लिहिले आहे. त्यात शेजारी येतात, सहकारी येतात, ज्यांच्या दुकानावर ती मंगतीसाठी, म्हणजे पैसे मागायला, येते ते दुकानदार येतात, मंडळाचे कार्यकर्ते येतात आणि अर्थातच तिची जमात (गुरू-चेला नात्याने बांधलेला पारलिंगी समाज), तिची गुरू व गुरुबहिणीही येतात. हल्ला कोठेही होऊ शकतो. सिग्नलवर किंवा महामार्गावर रात्री गाडीतून आलेल्या टोळक्याकडून तो होतो, हप्ता मागणाऱ्या गुंडाकडून होतो, घरात जोडीदाराकडून किंवा जन्मदात्या कुटुंबाकडून होतो, आणि कधी वर्दीतल्या माणसाकडूनही होतो. ठिकाण बदलले तरी त्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत करावयाच्या गोष्टी बहुतेक त्याच असतात, आणि त्या झाल्या नाहीत तर पुढे कितीही निवेदने दिली तरी प्रकरण उभे राहत नाही. म्हणून मोर्चाची तारीख ठरवण्याआधी एफआयआरची प्रत हातात आली आहे का, हे पाहावे.

हल्ला चालू असताना

112 या क्रमांकावर फोन करून ठिकाणाची ठळक खूण, हल्लेखोरांची अंदाजे संख्या आणि हत्यार आहे की नाही एवढे सांगावे. एकट्याने मध्ये पडण्यापेक्षा आसपासच्या चार-पाच जणांना नावाने हाक मारून सोबत घ्यावे, कारण बघ्यांच्या गर्दीतून एखाद्याला नेमके बोलावले की तो सहसा मागे राहत नाही. चित्रीकरण करायचे असेल तर हल्लेखोरांचे चेहरे, गाडीचा क्रमांक आणि हत्यार टिपावे. तिचा चेहरा किंवा फाटलेले कपडे टिपू नयेत, आणि ते चित्रीकरण कोणत्याही गटात पुढे न पाठवता केवळ पोलिसांसाठी जपून ठेवावे.

अफवेवरून जमलेला जमाव हा वेगळा आणि सर्वांत घातक प्रकार आहे. 2018 च्या मे महिन्यात मुले पळवणारी टोळी फिरत असल्याच्या अफवेवरून हैदराबादच्या चांद्रायणगुट्टा भागात जमावाने एका पारलिंगी स्त्रीला ठार मारले. त्यानंतर पाचेक आठवड्यांनी, 1 जुलैला, धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांचा तशाच अफवेने जीव घेतला. पोशाख, बोली किंवा फिरस्ती यांमुळे जो गावाला परका दिसतो, त्याच्यावर अशी अफवा लगेच चिकटते. अशा वेळी ‘ही खरी पारलिंगी आहे का खोटी ते तपासू’ म्हणून कपडे ओढणे, केस कापणे, ओळखपत्र मागणे असले प्रकार सुरू होतात. ते तपासण्याचा अधिकार जमावातल्या कोणालाही नाही, हे मोठ्याने म्हणणारा एक स्थानिक माणूस, विशेषतः गावात ज्याचे ऐकले जाते असा सरपंच, पोलीस पाटील, शिक्षक किंवा वयस्कर बाई, तेथे उभी राहिली तर पोलीस येईपर्यंतचा वेळ निभावून नेता येतो. तिला एखाद्या घरात किंवा दुकानात आत घेऊन शटर ओढून घ्यावे.

आधी रुग्णालय, मग ठाणे

जखम किरकोळ दिसली तरी आधी सरकारी रुग्णालयात जावे. एफआयआर नाही म्हणून उपचार थांबवता येत नाहीत. जखमी माणसाला तातडीचे उपचार देणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 1989 च्या परमानंद कटारा प्रकरणातच स्पष्ट केले आहे. केस पेपर काढतानाच ‘मारहाण झाली आहे, एमएलसी (पोलीस प्रकरणाची वैद्यकीय नोंद) करा’ असे सांगावे, कारण पडले-धडपडले अशी नोंद एकदा झाली की बचाव पक्षाचा वकील पुढे तीच वाचून दाखवतो. कागदावरचे जुने नाव आणि ती वापरते ते नाव वेगळे असेल, तर दोन्ही नावे ‘उर्फ’ लावून लिहून घ्यावीत. असे केल्याने ठाण्यात आणि न्यायालयात ‘ही व्यक्ती तीच कशावरून’ हा वाद उरत नाही.

डॉक्टरांकडून काय लिहून घ्यायचे, हे सोबत गेलेल्या माणसाला ठाऊक असले पाहिजे. हाड मोडणे, दात पडणे, चेहरा कायमचा विद्रूप होणे, किंवा पंधरा दिवस तीव्र वेदना राहणे अथवा रोजचे व्यवहार करता न येणे, यांपैकी काहीही असेल तर कायद्याच्या भाषेत ती गंभीर दुखापत ठरते. म्हणून एक्स-रे टाळू नये आणि दातांची तपासणी वेगळी करून घ्यावी. मुका मार दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काळानिळा दिसू लागतो, तेव्हा पुन्हा जाऊन त्याची नोंद करून घ्यावी व छायाचित्रे काढावीत.

लैंगिक अत्याचार झाला असल्यास अंघोळ करू नये आणि त्या वेळचे कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवावेत. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल राहून पुरावा खराब होतो. तरीही अंघोळ झाली असेल, कपडे धुतले असतील, तर ‘आता काय उपयोग’ म्हणून घरी बसू नये. एचआयव्हीचा संसर्ग टाळण्याची औषधे 72 तासांच्या आत, आणि शक्यतो पहिल्या काही तासांतच, सुरू करावी लागतात व ती 28 दिवस घ्यावी लागतात. यासाठी जिल्हा रुग्णालयातील एआरटी (एचआयव्ही उपचार) केंद्रात किंवा अपघात विभागात थेट विचारावे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या 2014 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये लैंगिक हिंसेला सामोऱ्या गेलेल्या पारलिंगी व्यक्तींच्या तपासणीचा विचार केलेला आहे. तपासणीच्या प्रत्येक टप्प्याला तिची संमती लागते, एखाद्या टप्प्याला तिने नकार दिला म्हणून उपचार नाकारता येत नाहीत आणि दोन बोटांच्या चाचणीला थारा नाही. शिकाऊ डॉक्टरांचा घोळका कुतूहलाने जमू लागला, तर सोबतच्या माणसाने नम्रपणे पण ठामपणे पडदा ओढून घेण्यास सांगावे. हे काम तिच्यावर सोडू नये.

फिर्याद: सगळे येथे ठरते

पारलिंगी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) अधिनियम 2019 मध्ये संमत झाला आणि 10 जानेवारी 2020 पासून लागू झाला. त्याच्या कलम 18 मध्ये शारीरिक, लैंगिक, शाब्दिक, भावनिक व आर्थिक छळ, सार्वजनिक जागी अडवणूक आणि घरातून किंवा गावातून हाकलणे हे गुन्हे आहेत. हा कायदा आपला म्हणून अनेक कार्यकर्ते ठाण्यात केवळ कलम 18 चा आग्रह धरतात, आणि नेमकी तेथेच अडचण होते. संमत झालेल्या मूळ मजकुरानुसार या कलमाची शिक्षा सहा महिने ते दोन वर्षे एवढीच आहे, आणि तीन वर्षांहून कमी शिक्षेचे असे विशेष कायद्यांखालील गुन्हे, त्या कायद्यात वेगळी तरतूद नसेल तर, अदखलपात्र धरले जातात. परिणामी ठाणे अंमलदार एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून कागद हातात देतो आणि न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास सुरू होत नाही. मूळ कायद्यात नंतर दुरुस्त्या होत असतात, त्यामुळे फिर्याद देण्यापूर्वी कलमाचा चालू मजकूर वकिलाकडून तपासून घेणे शहाणपणाचे.

यावर उपाय असा की फिर्यादीत घटनेचा एकही दखलपात्र तपशील, म्हणजे ज्यावर पोलीस न्यायालयाच्या आदेशाविना तपास करू शकतात असा, सुटू देऊ नये. कोयता, पट्टा, बाटली, दगड असे काही वापरले असेल तर भारतीय न्याय संहितेचे कलम 118 येते. गंभीर दुखापतीला कलम 117 आहे. मोबाईल हिसकावला तर 304, मारून पैसे काढून घेतले तर 309, आणि धमकी देऊन हप्ता घेतला तर 308 लागू होते. पाच किंवा अधिक जण होते आणि त्यांनी बळाचा वापर केला तर दंगलीचे कलम 191 येते. पाच किंवा अधिक जणांनी मिळून लिंग, जात, समुदाय किंवा तत्सम कारणावरून खून केला तर 103(2) व गंभीर दुखापत केली तर 117(4) ही कलमेही आहेत. म्हणून किती जण होते, काय बोलत होते, कोणत्या शिव्या दिल्या, हे शब्दशः लिहून घ्यावे, मग ते शब्द कितीही ओंगळ असोत, कारण हल्ल्यामागचे कारण त्या शब्दांतूनच सिद्ध होते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्याच्या) कलम 174 नुसार अनेक गुन्ह्यांपैकी एकही दखलपात्र असेल तर संपूर्ण प्रकरण दखलपात्र मानले जाते, आणि मग कलम 18 ही त्याच एफआयआरमध्ये आपोआप तपासाखाली येते.

लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत मात्र कायद्यात मोठे भगदाड आहे, आणि ते फिर्याद लिहिणाऱ्याने जाणून असावे. जुन्या दंड संहितेतील ‘अनैसर्गिक’ लैंगिक कृत्यांविषयीच्या कलम 377 चा संमतीविरुद्धच्या कृत्यांना लागू होणारा भाग, संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असे सांगणाऱ्या 2018 च्या नवतेजसिंग जोहर निकालानंतरही शिल्लक होता. 1 जुलै 2024 पासून आलेल्या न्याय संहितेत त्याला पर्यायच ठेवलेला नाही, आणि बलात्काराची व्याख्या करणारे कलम 63 पुरुषाने स्त्रीवर केलेल्या कृत्याबद्दलच बोलते. बलात्काराला किमान दहा वर्षे आणि तेच पारलिंगी व्यक्तीच्या बाबतीत घडले तर कलम 18 च्या मूळ मजकुरानुसार कमाल दोन वर्षे, हा फरक मला उघडउघड अन्याय वाटतो. तरीही हात टेकू नयेत. ओळखीच्या प्रमाणपत्रावर किंवा आधार कार्डावर स्त्री अशी नोंद असेल तर ती फिर्यादीस जोडून बलात्काराच्या शिक्षेचे कलम 64 लावण्याची मागणी लेखी करावी, सोबत दुखापतीची व धमकीची कलमे आणि कलम 18 ठेवावे, आणि ‘ती स्त्री आहे का’ या प्रश्नाचा निकाल ठाणे अंमलदाराने टेबलावर न लावता न्यायालयाने लावावा, अशी भूमिका घ्यावी. या भूमिकेला आधार आहे. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अमित बोरकर यांनी मार्च 2023 मध्ये शस्त्रक्रिया झालेल्या पारलिंगी स्त्रीला कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली पीडित व्यक्ती मानून पोटगीचा आदेश कायम ठेवला. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने जून 2025 मध्ये पारलिंगी पत्नीला वैवाहिक क्रूरतेच्या कलमाखाली तक्रार करता येते असे म्हटले, मात्र त्या प्रकरणातील आरोप मोघम असल्याने खटला रद्दही केला. म्हणजे तत्त्व जिंकूनही तपशिलाअभावी प्रकरण हरता येते.

पीडित मुलगी अठरा वर्षांखालील असेल तर पॉक्सो (बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण) कायदा लिंगभेद न करता लागू होतो. ती अनुसूचित जाती किंवा जमातीची असेल आणि हल्लेखोर तसे नसतील, तर 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याची कलमे अवश्य मागावीत. जातीचा दाखला जुन्या नावाने असतो आणि तो बहुधा गावच्या घरी राहिलेला असतो, त्यामुळे तो मागवण्याचे काम त्याच दिवशी कोणावर तरी सोपवावे.

ठाण्याची हद्द नाही हे कारण चालत नाही, कारण नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार कोणत्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो आणि त्याची प्रत विनामूल्य व तत्काळ मिळते. नोंद नाकारल्यास त्याच मजकुराची फिर्याद पोलीस अधीक्षकांकडे, आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस उपायुक्तांकडे, रजिस्टर टपालाने पाठवावी व पोचपावती जपावी. त्यानंतरही काही झाले नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. 2020 च्या नियमांनुसार प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीत आणि राज्यात पोलीस महासंचालकांच्या अखत्यारीत पारलिंगी संरक्षण कक्ष असणे अपेक्षित आहे, म्हणून प्रत्येक अर्जाची एक प्रत तेथेही द्यावी. मारहाण पोलिसांनीच केली असेल तर त्याच ठाण्याकडे न जाता वैद्यकीय नोंद करून अधीक्षक, राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आणि राज्य मानवी हक्क आयोग यांच्याकडे एकाच वेळी लेखी तक्रार करावी. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा 15100 हा क्रमांक आहे.

ठाण्यात सोबत जाणाऱ्यांची संख्याही विचारपूर्वक ठरवावी. पन्नास जणांनी आवारात टाळ्या वाजवून घोषणा दिल्या की गुन्हा लवकर नोंदवला जातो, हा जमातीचा अनुभव खोटा नाही. परंतु जबाब घेताना तिच्याजवळ दोनच माणसे असावीत, एक तिच्या विश्वासातली आणि एक लिहिता-वाचता येणारी, आणि जबाब पूर्ण वाचून दाखवल्याशिवाय तिने सही करू नये.

जमातीत काय घडते

हल्ल्याची बातमी कळल्यावर सर्वांत आधी पोहोचते ती बहुधा गुरू. रिक्षाचे भाडे, औषधांचे पैसे, रात्रीची सोबत हे सगळे डेऱ्यातून (गुरूच्या घरातून) होते, आणि जन्मदात्या घराने पाठ फिरवलेल्या चेल्याला (शिष्येला) दुसरे कोणी नसते. या व्यवस्थेची ताकद मान्य करूनच तिच्या मर्यादांबद्दल बोलले पाहिजे. हल्लेखोर दुसऱ्या डेऱ्याचा असेल, किंवा मारहाण गुरूच्या घरातच झाली असेल, तर ‘घरातली गोष्ट बाहेर नको’ असे म्हणून पंच बसवले जातात, दंड ठरतो आणि दंडाची रक्कम मार खाल्लेल्या चेल्याच्या हातात क्वचितच येते. जमातीने दंड जरूर ठरवावा, परंतु त्या बदल्यात फिर्याद मागे घेण्याची अट घालू नये, आणि तिला डेरा सोडायचा असेल तर तिच्यावरचे जुने कर्ज पुढे करून अडवू नये. जिच्याशी वाद आहे तिच्याच घरी तिला परत पाठवणे हा निवाडा होऊ शकत नाही. अशा वेळी जमातीच्या नायकांपैकी (प्रमुखांपैकी) एखादीने तिची राहण्याची सोय आपल्याकडे करावी, किंवा केंद्र सरकारच्या गरिमा गृहासारख्या निवाऱ्यात जागा आहे का ते पाहावे.

जोडीदाराने मारले तर जमातही आणि शेजारीही ‘तू त्याला का ठेवलास’ असे विचारतात. तो प्रश्न विचारू नये. वर सांगितलेल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालाच्या आधाराने तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज करता येतो, आणि घरात येण्यास त्याला मनाई करणारा आदेश तिला बहुधा शिक्षेपेक्षा अधिक लवकर हवा असतो. जन्मदात्या घरच्यांनी मारून हाकलले असेल, तर 2019 च्या कायद्याने तिला त्या घरात राहण्याचा हक्क दिलेला आहे, तथापि हक्क आहे म्हणून तिला तेथे नेऊन सोडणे धोक्याचे असते. परत जायचे की नाही हे तिनेच ठरवावे.

मृत्यू झाला असेल तर एक कटू गोष्ट लक्षात ठेवावी लागते. फिर्याद कोणीही देऊ शकतो, त्यामुळे गुरू किंवा गुरुबहीण फिर्यादी होऊ शकते. पण गुरूला कायदा नातेवाईक मानत नाही, आणि मृतदेह ताब्यात घेण्यासाठी, नुकसानभरपाईसाठी किंवा अपिलासाठी जन्मदात्या कुटुंबाकडे बोट दाखवले जाते. म्हणून पंचनाम्याच्या वेळी गुरूने हजर राहून आपले नाव व पत्ता नोंदवावा, सोबत राहत असल्याचे पुरावे द्यावेत, आणि घरच्यांशी अंत्यविधीवरून भांडण्याऐवजी खटल्यात त्यांची सही कशी मिळेल ते पाहावे.

शेजारी आणि परिसर

सीसीटीव्हीचे चित्रण काही दिवसांत पुसले जाते. आपल्या दुकानाचा किंवा सोसायटीचा कॅमेरा त्या रस्त्यावर असेल तर पोलिसांची वाट न पाहता ते चित्रण वेगळे काढून ठेवावे आणि ‘आमच्याकडे चित्रण आहे’ असे तपासी अधिकाऱ्याला लेखी कळवावे. घरमालक अनेकदा ‘पोलिसांची कटकट नको’ म्हणून तिला खोली सोडायला सांगतो. तेव्हा त्याच्याशी बोलायला संस्थेचा कार्यकर्ता गेला तर वाद वाढतो, पण इमारतीतले दोन जुने भाडेकरू गेले तर तो ऐकतो. राहत्या जागेतून तिला बळजबरीने बाहेर काढणे हा कलम 18 खालचा गुन्हा आहे, हे त्याला शांतपणे सांगावे.

समाजमाध्यमांवर तिचे जुने नाव, छायाचित्र, पत्ता टाकू नये. बलात्कारपीडितेची ओळख उघड करण्यास न्याय संहितेच्या कलम 72 ने बंदी आहे, आणि एफआयआरमध्ये बलात्काराचे कलम लागले असो वा नसो, आपण ती बंदी पाळावी. ओळख उघड न करताही निषेध सभा घेता येते. मृत पारलिंगी व्यक्तींच्या स्मरणाचा 20 नोव्हेंबरचा दिवस अमेरिकेत 1999 मध्ये सुरू झाला तो असाच एका न उलगडलेल्या खुनानंतर, आणि आता आपल्याकडेही तो पाळला जातो.

पुढचे महिने

मार लागलेली स्त्री काही आठवडे मंगतीला, बधाईला (लग्न-बारशाच्या घरी आशीर्वाद देऊन पैसे घ्यायला) किंवा कामाला जाऊ शकत नाही, आणि खोलीचे भाडे थांबत नाही. तडजोडीचे पैसे घेऊन येणारा माणूस नेमका याच वेळी दारात येतो. त्यामुळे परिसराने द्यायची खरी मदत म्हणजे दोन महिन्यांचे भाडे व किराणा, फुटलेल्या मोबाईलची दुरुस्ती, आणि हार्मोनची औषधे सुरू असतील तर त्यात खंड न पडू देणे. झोप उडाली असेल, जिवाचे बरे-वाईट करण्याचे बोलणे येत असेल तर 14416 या टेलिमानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या) क्रमांकावर बोलायला लावावे व काही दिवस तिला एकटे ठेवू नये.

एका वहीत गुन्हा रजिस्टर क्रमांक, तपासी अधिकाऱ्याचे नाव, दिलेल्या प्रत्येक अर्जाची तारीख आणि पुढच्या तारखेला सोबत कोण जाणार हे लिहून ठेवावे. तपासाची प्रगती 90 दिवसांच्या आत फिर्यादीला कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे, तेव्हा ती मुदत संपण्याआधी आठवडाभर स्मरणपत्र द्यावे. आरोपी जामिनावर सुटून त्याच सिग्नलवर उभा राहू लागला, तर 2018 च्या साक्षीदार संरक्षण योजनेखाली जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे अर्ज करता येतो. त्या अर्जाला धमकीच्या प्रत्येक प्रसंगाची तारीख व वेळ लागते, म्हणून तीही त्याच वहीत त्या-त्या दिवशी नोंदवावी.